कंट्री गायकाचे सोंग

अमेरिकेच्या दक्षिणेकडील खेड्यांत लोकगीते आणि चर्चमधील भजने यांतून घडलेल्या, आणि पुढे टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात व्यवसाय म्हणून स्थिरावलेल्या ‘कंट्री’ संगीताने गायकाकडून गळ्याइतकीच आणखी एक अपेक्षा कायम ठेवली, ती म्हणजे तो जे आयुष्य गातो ते त्याने भोगलेले असावे. मात्र मोडलेला संसार, तुरुंग, दारू आणि आई ही या दुःखाची सामग्री पुरती ठरून गेलेली असल्यामुळे, हॅट चढवून आणि आवाजात दक्षिणी हेल आणून कोणीही ते भोगल्याचा आव आणू शकतो. अशा कल्पित गायकाचे नाव, गाव आणि पूर्वचरित्र धारण करून त्याच्या तोंडून गाणे, हा गीतांचे शब्द फिरवून केलेल्या साध्या विडंबनाच्या पुढचा प्रकार होय.

त्याचे आरंभीचे ठळक मानकरी घरचेच होते. नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात 1940 पासून गाजलेली ‘मिनी पर्ल’, जिच्या हॅटवरून 1.98 डॉलर किमतीची चिठ्ठी कायम लोंबत असे, ती वास्तविक नाट्यकलेचे शिक्षण घेतलेली सारा कॉली होती. तिचा भर अर्थात गाण्यापेक्षा बोलण्यावर होता. गाण्याच्या अंगाने पाहता होमर आणि जेथ्रो ही जोडी अधिक महत्त्वाची ठरते. हेन्री हेन्स आणि केनेथ बर्न्स या नॉक्सव्हिलच्या दोघांनी ‘हिलबिली’चा, म्हणजे शहरी माणूस ज्याला हिणवतो त्या डोंगरातल्या गावंढळाचा, अवतार घेऊन लोकप्रिय गीतांची टिंगल केली आणि 1959 मध्ये ग्रॅमी पुरस्कारही मिळवला. बर्न्सचे मँडोलिनवादन जाझच्या जाणकारांनीही वाखाणावे अशा तोडीचे होते. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे म्हणतात. या क्षेत्रात पैशाच्या जागी सूर घालावा लागतो, कारण बेसूर विडंबनात श्रोता गायकालाच हसतो, गाण्याला नाही.

पुढे स्टीव्ह गुडमनने जॉन प्राइनच्या मदतीने रचलेल्या आणि 1975 मध्ये डेव्हिड अ‍ॅलन कोने गाजवलेल्या गाण्याने तर ‘परिपूर्ण’ कंट्री गीताला लागणाऱ्या जिनसांची यादीच उघडपणे मांडली, आणि ज्यांची थट्टा होती तेच श्रोते ते आवडीने गाऊ लागले.

सोंगाचा खरा कस लागतो तो संपूर्ण चरित्र उभे करण्यात, आणि तेथे रिच हॉल या अमेरिकी विनोदकाराचा ओटिस ली क्रेनशॉ अजून सरस वाटतो. टेनेसीचा हा सजा भोगलेला गायक अनेकदा लग्न करतो आणि त्याच्या प्रत्येक बायकोचे नाव ब्रेंडाच असते. त्यामुळे विरहगीत नेमके कोणत्या ब्रेंडासाठी आहे हे विचारण्यात अर्थ उरत नाही, आणि एका साच्यातून निघणाऱ्या दुःखाचे पितळ कोणतेही भाष्य न करता उघडे पडते. क्रेनशॉला मात्र आपण विनोदी आहोत याचा पत्ताच नसतो. या पात्रासाठी हॉलला 2000 मध्ये एडिनबरोचा पेरिए पुरस्कार मिळाला.

अलीकडची अडचण वेगळी आहे. गेल्या दशकातील रेडिओवरचे कंट्री गाणे पिकअप ट्रक, बिअर आणि जीन्स यांची जंत्री स्वतःच गंभीरपणे म्हणू लागल्यावर विडंबनकाराला फुगवायला फारसे शिल्लक राहिले नाही. विनोदकार बो बर्नहॅमने 2016 च्या ‘मेक हॅपी’ या प्रयोगात म्हणूनच गावाकडच्या माणसाला सोडून, त्याचा कैवार घेऊन धनाढ्य होणाऱ्या गायकाला धरले, आणि हा नेम अचूक होता. त्याच वर्षी विनोदकार बेन हॉफमनने ‘व्हीलर वॉकर ज्युनियर’ हे पात्र आणले, मुलाखतींतही ते सोडले नाही, आणि डेव्ह कॉबसारख्या नामांकित निर्मात्याकडून जुन्या वळणाचे अस्सल संगीत करवून घेऊन त्यावर कमालीचे अश्लील शब्द चढवले. ही विसंगती पहिल्या गाण्यात हसवते. परंतु ब्रेंडांविषयीच्या क्रेनशॉच्या तक्रारीमागे जसा एक हट्टी, फसत राहणारा माणूस दिसतो तसा येथे दिसत नाही, आणि चौथ्या गाण्यापाशी केवळ शिवी उरते, जिच्यामागचे वादन मात्र उत्तम चाललेले असते.