साडेतीन थेंबांचा हिशोब

जीवशास्त्रातल्या शोधनिबंधांत एक वाक्य हमखास भेटते : 'उंदरांच्या रक्ताचे नमुने घेण्यात आले.' वाक्य कर्मणी, कर्ता गायब. रक्त कोणी घेतले, शरीराच्या कोणत्या भागातून घेतले, किती घेतले, उंदीर शुद्धीवर होता की त्याला भूल दिली होती, यांपैकी काहीच कळत नाही. आपला विद्यार्थी प्रयोगवहीत 'आम्ल घेतले' एवढेच लिहून मोकळा झाला, तर आपण लाल शाईने 'किती? किती तीव्रतेचे?' असे विचारतोच. मग मोठ्या शास्त्रज्ञांना ही सूट का?

हा प्रश्न आम्हांला एका जुन्या पुस्तकाकडे घेऊन गेला. 'द प्रिन्सिपल्स ऑफ ह्यूमेन एक्सपेरिमेंटल टेक्निक' हे त्याचे नाव. डब्ल्यू. एम. एस. रसेल हे प्राणिशास्त्रज्ञ आणि आर. एल. बर्च हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, या दोघांनी लिहिलेले हे पुस्तक १९५९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. प्राण्यांवरील प्रयोगांसंबंधी आज सर्वत्र उच्चारले जाणारे तीन नियम याच पुस्तकातले : शक्य तेथे प्राण्याला पर्याय शोधा, प्राण्यांची संख्या घटवा, आणि जो प्राणी वापरावाच लागेल त्याचा त्रास कमी करा. नियम प्रसिद्ध झाले. पुस्तक मात्र फारसे कोणी वाचले नाही. पुढे तीसेक वर्षांनी, १९९२ मध्ये, त्याची पुन्हा छपाई झाली. पुस्तक किती टिकाऊ आहे हे पाहण्यासाठी आम्ही त्याला उंदराच्या रक्ताची कसोटी लावून पाहिली.

आधी थोडे गणित करू या. हे आठवीच्या वर्गातही करून घेता येईल. प्रयोगशाळेतल्या लहान पांढऱ्या उंदराचे वजन सुमारे २५ ग्रॅम. त्याच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण ७२ मिलिलिटर रक्त असते. म्हणजे त्याचे एकूण रक्त झाले १.८ मिलिलिटर, अर्धा लहान चमचासुद्धा नाही. एका वेळी यातले दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये, आणि तेवढे घेतले तर पुढचे काही आठवडे त्याला भरपाईसाठी द्यावेत, असा सर्वसाधारण दंडक आहे. दहा टक्के म्हणजे ०.१८ मिलिलिटर. एक थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरला, तर हे झाले जेमतेम साडेतीन थेंब. रक्तदान शिबिरात आपण ३५० मिलिलिटर रक्त देतो तेव्हा आपणही दहा टक्क्यांच्या आसपासच असतो. त्यानंतर पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिने पुन्हा रक्त देता येत नाही. फरक एवढाच, की आपण स्वतःच्या पायांनी शिबिरात जातो आणि नंतर बिस्किटे खातो.

आता दहा किलोच्या कुत्र्याचा विचार करा. त्याच्या शरीरात सुमारे ८५० मिलिलिटर रक्त असते. त्यातले साडेतीन थेंब म्हणजे चार हजारांतला एक भागही नव्हे. पुस्तकानंतर एकाच वर्षाने, १९६० मध्ये, आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. गिनीपिग, ससा, बेडूक, उंदीर अशा लहान प्राण्यांवर काम भागत असेल तर मोठे प्राणी टाळावेत, असे तो सांगतो. हेतू चांगलाच आहे. (पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांनी शिकवण्याचे काम भागत असेल तर तीच वापरावीत, असेही त्याच कलमात आहे. शिक्षकांनी ते जरूर वाचावे.) पण रक्त घेण्याच्या बाबतीत प्राणी जितका लहान तितकी अडचण मोठी. शिरा केसासारख्या, रक्त मोजके, आणि प्राणी हातात थरथरत असतो.

या थरथरण्याबद्दल रसेल आणि बर्च यांनी जे लिहिले आहे, तो आमच्या मते पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. आनुवंशिक घडण आणि वाढीच्या काळातली परिस्थिती यांतून प्राण्याचे बाह्यरूप घडते, हे आपण शिकवतोच. हे दोघे एक पायरी पुढे जातात. प्रयोगाच्या त्या क्षणी भोवताली जे काही चालले असेल, त्याच्या परिणामामुळे प्राणी जसा वागतो, त्याच्या शरीरात जे घडते, त्याला त्यांनी 'ड्रामाटाइप' असे वेगळे नाव दिले. आपण मोजतो तो उंदीर नव्हे, त्या क्षणीचा उंदीर. नाव रुळले नाही, पण कल्पना अस्सल आहे. उंदराला पकडले की त्याच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरोन हे तणावाचे संप्रेरक वाढू लागते. म्हणून त्याची मूळ पातळी हवी असेल तर पहिल्या दोन-तीन मिनिटांत रक्त घ्यावे लागते. रक्तातली साखरही भीतीने चढते. भीती नको म्हणून भूल द्यावी, तर काही भुलीच्या औषधांनीही साखर वाढते. शेपटीच्या टोकाचे रक्त आणि हृदयातले रक्त यांतल्या पांढऱ्या पेशींची संख्यासुद्धा सारखी येत नाही. तेव्हा 'रक्ताचे नमुने घेण्यात आले' हे वाक्य नुसते रूक्ष नाही, ते अपुरे मापन आहे.

त्रासाचे दोन प्रकारही ते वेगळे करतात. एक थेट, म्हणजे त्या कृतीतून अटळपणे होणारा. दुसरा आनुषंगिक, म्हणजे कोणाच्या ध्यानीमनी नसताना होणारा. सुई टोचणे हा पहिला. दुसरा कोणता? उंदराला शेपटीने उचलणे ही प्रयोगशाळांची इतकी जुनी रीत, की तिच्याकडे कोणी त्रास म्हणून पाहिलेच नव्हते. लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की शेपटीने उचललेले उंदीर माणसाचा हात टाळतात आणि जास्त भित्रे होतात. ओंजळीत घेतलेले किंवा नळकांड्यातून उचललेले तसे होत नाहीत. पुस्तकानंतर अर्धशतकाने त्यातल्या वर्गीकरणाला असा पुरावा मिळावा, हे लेखकांच्या दृष्टीचे मोठेच प्रशस्तिपत्र.

इथवर आम्ही पुस्तकाच्या बाजूने आहोत. पुढे मात्र मतभेद आहेत.

पुस्तकाचा सूर असा, की दया आणि उत्तम विज्ञान हातात हात घालून चालतात. प्राणी शांत असेल तर आकडे चांगले येतात. हे पुष्कळदा खरे आहे, वरची उदाहरणे तेच सांगतात. पण नेहमी? उंदराच्या डोळ्यामागे शिरांचे जाळे असते. तिथे काचेची बारीक नळी घालून रक्त घेण्याची पद्धत अनेक दशके सर्रास वापरली गेली. निष्णात हाताने, भूल देऊन घेतलेले हे रक्त भरपूर मिळते, झटपट मिळते, आणि बऱ्याच चाचण्यांसाठी त्याचे आकडे व्यवस्थित येतात. हात चुकला तर मात्र डोळा जायबंदी होतो. नॉर्वेतल्या संशोधकांनी १९९८ मध्ये मागच्या पायाच्या शिरेतून, भूल न देता रक्त घेण्याची रीत मांडली. २००५ मध्ये अमेरिकेतून गालाच्या शिरेची रीत आली. या रीती पुढे आल्या त्या केवळ आकडे सुधारावेत म्हणून नव्हे. डोळ्याचे काही होऊ नये, हे स्वतंत्र कारण होते. 'दया करा, कारण त्याने विज्ञान सुधारते' एवढाच युक्तिवाद हाती असेल, तर जिथे विज्ञान सुधारत नाही तिथे आपण काय बोलणार? पुस्तकाचा भर इथे कमी पडतो असे आम्हांला वाटते. १९५९ साली शास्त्रज्ञांना पटवायचे तर त्यांच्याच भाषेत बोलणे भाग होते, हे मान्य करूनही.

दुसरी तक्रार नियमांच्या आपसातल्या भांडणाची. समजा, औषध दिल्यावर चार वेगवेगळ्या वेळी रक्तातले त्याचे प्रमाण मोजायचे आहे. सहा उंदरांचे चार-चार वेळा रक्त घ्यावे, की चोवीस उंदरांचे एकेकदा? संख्या घटवायची तर पहिला मार्ग, प्रत्येकाचा त्रास घटवायचा तर दुसरा. तीन नियमांच्या घोषणेत या निवडीला जागाच नाही. आम्ही हा प्रश्न काही शिक्षकमित्रांपुढे ठेवला, तेव्हा ते निम्मे-निम्मे विभागले गेले आणि चहा गार झाला.

तंत्रज्ञानाने हे भांडण थोडे सौम्य केले आहे. रॉबर्ट गथ्री यांनी १९६३ मध्ये नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून एका आनुवंशिक रोगाची चाचणी करून दाखवली होती. आजची उपकरणे ५० मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबात किंवा त्याहून कमी रक्तात, औषधाचे प्रमाण मोजतात. पूर्वी विषारीपणाच्या चाचण्यांत केवळ रक्त घेण्यासाठी उंदरांचा वेगळा गट ठेवावा लागे. २०१७ मध्ये औषधनियमनाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत या सूक्ष्म नमुन्यांचा समावेश झाला, आणि अनेक ठिकाणी तो वेगळा गट टाळणे शक्य झाले.

राहिले ते सुरुवातीचे वाक्य. २००९ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या सार्वजनिक निधीवर झालेल्या प्राणीप्रयोगांचे २७१ निबंध तपासण्यात आले. प्रयोगाचा उद्देश आणि प्राण्यांची संख्या व वैशिष्ट्ये सांगणारे निघाले फक्त ५९ टक्के. त्यानंतर, २०१० मध्ये, निबंधात काय काय लिहायलाच हवे याची यादी 'अराइव्ह' या नावाने आली आणि २०२० मध्ये ती सुधारली गेली. त्या यादीप्रमाणे काय केले, कसे केले, केव्हा, कुठे आणि का, हे सगळे सांगावे लागते. आपली लाल शाई नेमके तेच तर विचारत होती.