जुन्या बाजारांतील अद्भुतकथा

जुन्या पुस्तकांच्या बाजारांत काय घ्यावयाचें हें आधीं ठरवून जाण्यांत अर्थ नसतो. मुंबईस हुतात्मा चौकाच्या आसपास फुटपाथवर मांडलेले ढीग ज्यांनीं चाळले आहेत, त्यांस हें निराळें सांगावयास नको. अशाच ढिगांतून मध्यंतरीं आमच्या हातीं तीन इंग्रजी अद्भुतरम्य पुस्तकें आलीं: लॉर्ड डन्सेनी यांचें 'द किंग ऑफ एल्फलँड्स डॉटर', टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा नुसता दुसरा खंड, आणि उर्सुला ले ग्विन यांचें 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. तिहींची मिळून जी किंमत पडली, तींत हल्लीं दोघांचा उपाहारही होणार नाहीं. पुस्तकें घरीं आलीं त्याच दिवशीं आमचे एक वयोवृद्ध स्नेही आले होते. त्यांनीं तीं वरवर चाळलीं आणि, "हीं तर मुलांचीं पुस्तकें! आपण कशास वाचतां?" असें विचारलें. प्रश्न साधा होता. पण उत्तर देतांना आमची जी तारांबळ उडाली, तीच या लेखास कारण झाली आहे.

स्नेह्यांचा आक्षेप नवा नाहीं. मराठी कादंबरी जन्मली तीच मुळीं अद्भुताच्या मांडीवर. हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची आणि रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ सालची. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठींत आणल्या त्याही याच सुमारास. पुढें १८७२ मध्यें काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं नावल व नाटक यांविषयींच्या आपल्या निबंधांत या वाङ्मयाची झडती घेतली. आणि १८९० मध्यें हरिभाऊ आपट्यांचें 'करमणूक' निघाल्यावर तर घराच्या माजघरांत काय चालतें, हाच कादंबरीचा विषय ठरला. अद्भुताची रवानगी मुलांच्या खोलींत झाली. हा निकाल पुष्कळ अंशीं न्याय्य होता असेंच आम्ही म्हणूं. त्या जुन्या कादंबऱ्यांत संकटें येत आणि टळत. सज्जनांस बक्षीस व दुर्जनांस शासन मिळे. आणि इतकें सारें होऊन नायक पहिल्या पानावर होता तसाच शेवटच्या पानावर असे. मात्र दोष होता तो लेखकांच्या हिशेबाचा, आणि शिक्षा मिळाली ती रसास! चमत्काराची किंमत कोणीं तरी भरली पाहिजे. ती ज्या कथेंत कोणीच भरीत नाहीं ती कथा पोरकट होय, मग तींत राक्षस असोत वा मामलेदार.

ही कसोटी लावून आम्हीं प्रथम डन्सेनींचें पुस्तक वाचावयास घेतलें. मूळ ग्रंथ १९२४ चा. आमची प्रत अमेरिकेंत १९६९ मध्यें निघालेल्या पुनर्मुद्रणाची. लिन कार्टर यांच्या संपादकत्वाखालीं १९७४ पर्यंत जी अद्भुत कादंबऱ्यांची माला चालली, तिचें एकशिंग्या घोड्याचें चिन्ह या प्रतीवर आहे. पानें पिवळीं पडलीं आहेत, आणि पहिल्या पांच प्रकरणांत कोणीं तरी शिसपेन्सिलीनें खुणा केल्या आहेत. सहाव्या प्रकरणापासून खुणा नाहींत. तो वाचक तेथें थांबला, कीं पेन्सिल विसरण्याइतका रंगला, हें कळावयास मार्ग नाहीं. आम्हांस दुसरें मानणें आवडेल.

कथा अशी. अर्ल नांवाच्या लहानशा संस्थानांतील बारा पंच आपल्या अधिपतीपुढें मागणें मांडतात, कीं आमच्या गांवाचें नांव जगांत कोणास ठाऊक नाहीं, तेव्हां आम्हांस जादूचा अंश असलेला राजा हवा. त्यासाठीं राजपुत्र अल्व्हेरिक यक्षभूमींत शिरतो आणि तेथील राजकन्या लिराझेल हिला घेऊन येतो. त्याची तलवार एका चेटकिणीनें आपल्या कोबीच्या वाफ्याखालीं पुरलेल्या अशनींपासून घडविलेली आहे. कोबीचा हा तपशील आम्हांस फार मोलाचा वाटतो. अद्भुताचे पाय अशा वाफ्यांत रोवलेले असले म्हणजेच त्याचें डोकें आकाशांत शोभतें. लिराझेलीस पृथ्वीवरील रीतिभाती साधत नाहींत. ताऱ्यांची पूजा करूं नये असें तिला बजावलें जातें. तिला तें उमजत नाहीं. अखेर बापाच्या मंत्रानें ती वाळक्या पानासारखी उडून स्वदेशीं जाते, आणि राजा आपली सारी भूमीच मागें ओढून घेतो. अल्व्हेरिक सीमेवर येऊन पाहतो, तों समोर धोंड्यांचें ओसाड माळरान पसरलेलें. आणि त्यांत बाळपणीं हरवलेलें एक खेळणें पडलेलें! जुन्या बाजारांत ज्यास लहानपणीं वाचलेलें एखादें पुस्तक अवचित सांपडलें आहे, त्याला या प्रसंगावर भाष्य नको.

पुढें अल्व्हेरिक एक कवि, एक प्रेमानें पोळलेला तरुण आणि दोन भ्रमिष्ट यांसारख्या सोबत्यांसह वर्षानुवर्षें त्या हरपलेल्या सीमेचा शोध करीत हिंडतो. तान्हा मुलगा घरीं त्या चेटकिणीच्या हवालीं असतो. आमच्या स्नेह्यांनीं हें पुस्तक आमच्याकडून नेऊन आठ दिवसांनीं परत केलें, तेव्हां ते एवढेंच म्हणाले: "हा गृहस्थ घरीं राहता तर मुलाचें कल्याण झालें असतें." आम्ही निरुत्तर झालों, कारण बोलणें खरें होतें. पण थोड्या विचारांतीं आमच्या ध्यानांत आलें कीं, हा आक्षेप ग्रंथकारानेंच आधीं मांडून ठेवला आहे. अद्भुताच्या मागें लागणाऱ्याचें घर कसें रितें होतें, हें दाखविण्यास डन्सेनी कचरलेले नाहींत. ते पंचही, मागितलेली जादू गांवांत येऊं लागतांच भयभीत होतात. शेवटीं यक्षभूमि अर्लवरून पसरते, तेव्हां एका धर्मोपदेशकाच्या मठीभोंवतालची जागा तेवढी कोरडी राहते. एवढी समतोल बुद्धि ज्यांत आहे त्या पुस्तकास पलायनाचें पुस्तक कसें म्हणावें? भाषेविषयीं मात्र आमची तक्रार आहे. एकच उपमा आणि एकच धृपद लेखक इतक्या वेळां घोळवितात कीं, मध्यावर वाचकास गुंगी येते. ती प्रत्येक वेळीं जादूचीच असते असें नाहीं.

टॉल्किनविषयीं येथें थोडक्यांत. १९५४-५५ मध्यें निघालेल्या या ग्रंथाची १९६५ मध्यें अमेरिकेंत एक अनधिकृत स्वस्त आवृत्ति निघाली, आणि त्या वादानें त्याची कीर्ति अधिकच पसरली. दुसरा खंड पहिल्यावांचून वाचणें म्हणजे लग्नास जेवणाच्या पंगतीपासून हजर राहणें होय. कोण कोणाचा कोण हें कळत नाहीं, पण प्रसंग मोठा आहे एवढें कळतें. १९३९ मध्यें स्कॉटलंडांत दिलेल्या एका व्याख्यानांत त्यांनीं कैद्याची सुटका आणि सैनिकाचें पळून जाणें यांत भेद केला होता. १९१६ मध्यें सोमच्या रणांगणावर प्रत्यक्ष लढलेल्या मनुष्याचें हें बोलणें असल्यानें त्यास वजन आहे. आम्हीं तें स्नेह्यांस ऐकविलें. "पण कैदेंत आहे कोण?" असें त्यांनीं विचारलें, आणि आपणच थोडा वेळ गप्प राहिले.

तिन्हींत आमचें मन गुंतलें तें ले ग्विन यांच्या पुस्तकांत. हें १९६८ चें. गोंट बेटावरचा एक मेंढपाळ पोर, गेड, जादूची विद्या शिकावयास रोक येथें जातो; आणि एका सहाध्यायाशीं चढाओढ करून, केवळ ताठ्यानें, मृतात्म्यास पाचारण करतो. त्या भेगेंतून एक छाया बाहेर पडते. ती भेग बुजवितांना विद्यापीठाचा वृद्ध आचार्य प्राणास मुकतो. पाहा, येथें किंमत भरली गेली. आणि ती अपराध्यानें नव्हे, भलत्यानेंच भरली, ही जाणीव गेडच्या मुखावरील व्रणासारखी पुढच्या प्रत्येक पानावर राहते. आधीं छाया त्याच्या पाठीस लागते. मग गुरूच्या सल्ल्यानें तो फिरतो आणि तिचा पाठलाग करतो. या जगांत वस्तूचें खरें नांव जाणणें हीच सत्ता. छायेचें नांव काय, तें आम्ही येथें सांगत नाहीं. लढाई नाहीं, सैन्य नाहीं. एक होडी, दोन मित्र आणि उघडा समुद्र. गद्य इतकें निराभरण कीं एकही वाक्य वगळतां येऊं नये.

आमच्या प्रतींतील नकाशा कोणीं तरी फाडून नेला आहे. त्या बालचोरास आम्हीं क्षमा केली, कारण बेटामागून बेट अंदाजानें गांठण्यांत गेडच्या प्रवासाची अधिक गोडी आली. मुखपृष्ठाची चूक मात्र क्षम्य नाहीं. गेड तांबूस तपकिरी वर्णाचा, त्याचा मित्र त्याहून काळा, आणि गांवावर चालून येणारे लुटारू तेवढे गोरे, असें पुस्तकांत स्वच्छ लिहिलें असतां चित्रांत नायक गोरापान! अशा चित्रांविरुद्ध स्वतः लेखिकेनेंही पुढें उघड तक्रार केली होती. आमच्या घरच्या मुलांस हें चित्र झांकून पुस्तक द्यावें, असें आम्हीं मनाशीं ठरविलें आहे.

एक दोष खुद्द ग्रंथांतला. त्या जगांत स्त्रियांची जादू दुबळी व दुष्ट समजतात आणि रोकच्या पाठशाळेंत मुलींस थारा नाहीं. एका स्त्रीनेंच लिहिलेल्या पुस्तकांत हें निमूटपणें चालून जातें, याचें आम्हांस नवल वाटलें. पण लेखिकेसही तें पुढें टोंचलें असावें. १९९० मध्यें 'तेहानू' लिहून त्या त्याच बेटावर परतल्या. तींत गेडची शक्ति संपलेली आहे, आणि कथेचा भार एका प्रौढ विधवेवर आणि तिनें जवळ केलेल्या भाजलेल्या पोरीवर आहे. आपल्याच कीर्तिमंदिराची भिंत पाडून खिडकी काढण्याचें धैर्य दाखविणारे ग्रंथकार थोडे. पहिलें पुस्तक बारा वर्षांच्या मुलांच्या हातीं खुशाल द्यावें; 'तेहानू' मात्र, त्यांतील पोरीवरचे अत्याचार ध्यानांत घेतां, चार-पांच वर्षें थांबून द्यावें आणि आईबापांनीं आधीं स्वतः वाचावें. आम्हीं तें ग्रंथालयांतून आणून वाचलें. फुटपाथच्या ढिगांत अद्याप गवसलेलें नाहीं. आमचे स्नेही हल्लीं त्या बाजूस गेले कीं आमच्यासाठीं पाहून येतात.