होडीवाल्याचा नकार : ‘हांव सायबा’ ते ‘बॉबी’

विठ्ठलवाडी-कल्याणच्या आसपासच्या आगरी वस्तीत हळदीच्या रात्री बेंजो वाजतो. आपण ज्याला बेंजो म्हणतो तो खरा म्हणजे बुलबुलतरंग. कळा दाबायच्या, तारा छेडायच्या, जोडीला ढोलकी आणि कर्णकर्कश स्पीकर. लहानपणापासून मी तिथे एक चाल ऐकत आलो. तिचे शब्द कोणी म्हणत नसे. फक्त ‘घे’ हा एकच शब्द सगळे मिळून ओरडत आणि हात पुढे करून नाचत. ते हळदीचंच गाणं आहे, अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती.

पुढे उल्हासनगरात कॅसेट भरून देणाऱ्या एका दुकानात मी नोकरीला लागलो. साठ मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजूंना तीस-तीस मिनिटं. गिऱ्हाईक यादी देई आणि आम्ही कार्डावर गाण्याचं नाव, चित्रपट आणि गायक असे तीन रकाने सुवाच्य अक्षरात भरून देत असू. त्या हळदीच्या गाण्यापुढे मी शेकडो वेळा लिहिलं असेल : ‘ना माँगूँ सोना चाँदी’, बॉबी, मन्ना डे. चौथा रकाना असावा असं तेव्हा कधी मनात आलं नाही. हा लेख त्या चौथ्या रकान्याबद्दल आहे.

‘बॉबी’ १९७३चा. ‘मेरा नाम जोकर’ने कर्जात बुडालेल्या राज कपूरला या चित्रपटाने पुन्हा उभं केलं. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, या गाण्याचे शब्द विठ्ठलभाई पटेल यांचे. पण चाल त्याच्या किती तरी आधीची आहे. ती कोकणी देखणीची, ‘हांव सायबा पलतडीं वेतां’ची. देखणी म्हणजे ख्रिस्ती गोवेकरांनी रचलेलं नाचाचं गाणं. वळण देशी सुरांचं, ठेका पाश्चात्त्य, आणि नायिका बहुधा हिंदू कलावंतीण. कार्लुश एउजेनिओ फेरेरा (१८६०-१९३२) यांची ही रचना १८९५ साली पॅरिसमध्ये छापली गेली. गोव्यात ती १९२६ साली तिपोग्राफिया रांजेलने पुन्हा छापली. म्हणजे चित्रपट यायच्या ७८ वर्षं आधी गाणं कागदावर होतं, कर्त्याच्या नावासकट. तरीही ‘गोव्याचं पारंपरिक लोकगीत’ हा शिक्का आजतागायत त्याच्यावर मारला जातो. ‘पारंपरिक’ हा आपल्याकडचा फार सोयीचा शब्द आहे. तो लिहिला की कोणाचं नाव शोधायची जबाबदारी उरत नाही. मीसुद्धा तो बिनदिक्कत वापरला आहे.

देखणीत प्रसंग साधा आहे. दामूच्या लग्नाच्या मांडवात कलावंतिणींचा खेळ आहे आणि एकीला नदीच्या पैलथडीला जायचं आहे. तिला वाट ठाऊक नाही. ती होडीवाल्याला ‘सायबा’ म्हणते. इथे सायबा म्हणजे प्रियकर नव्हे, साहेब. ज्याच्या हातात वल्हं, तो त्या घटकेपुरता साहेब. ती एकेक दागिना काढून पुढे करते, आणि तो प्रत्येक दागिन्याला नको म्हणतो. सगळं गाणं या घासाघिशीवर उभं आहे. कलावंतिणीच्या बाबतीत दागिना ही नुसती हौस नव्हती. तीच तिची पुंजी होती आणि पैंजण तर तिच्या धंद्याचं हत्यार. ते ती भाड्यापोटी द्यायला निघते, यावरून तिला पलीकडे जाणं किती गरजेचं होतं ते कळतं.

हिंदी गाणं सोनं-चांदी नको असं म्हणतच सुरू होतं. गाण्याचा अर्थ उलटा केला, कोकणी सौद्याची हिंदीत निखळ प्रीत झाली, असं मी बरीच वर्षं मानत होतो. दोन्ही गाणी शेजारी ठेवून पुनःपुन्हा ऐकल्यावर माझं मत बदललं. अर्थ उलटलेला नाही, बोलणारा बदलला आहे. ‘नको’ हा मुळात होडीवाल्याचा शब्द. पटेलांनी तोच उचलला आणि अख्खं गाणं त्याला देऊन टाकलं. कलावंतीण गेली, नदी गेली, मांडव गेला. उरला तो नकार देणारा पुरुष, मन्ना डे यांच्या आवाजात आणि बॉबीच्या बापाच्या, म्हणजे प्रेमनाथच्या तोंडी. प्रेमात सौदा नसतो असं बजावून तो लगेच मनाच्या बदल्यात मन मागतो, ही गंमत वेगळीच. तिच्या वाट्याचा एकच शब्द शिल्लक राहिला, ‘घे’. हिंदीत त्याला अर्थ नाही, म्हणूनच तो टिकला असावा.

बाईचं गाणं पुरुषाच्या तोंडी जाण्याची ही गोष्ट फक्त आपल्याकडचीच नाही. ब्लूज-रॉकच्या चाहत्यांना ‘द हाऊस ऑफ द रायझिंग सन’ सांगायला नको. १९३७ साली अ‍ॅलन लोमॅक्स यांनी केंटकीतल्या मिडल्सबरो इथे जॉर्जिया टर्नर या सोळा वर्षांच्या मुलीकडून ते ध्वनिमुद्रित केलं. तिच्या गाण्यात न्यू ऑर्लिन्सच्या बदनाम घरात अडकलेली मुलगी बोलते. १९६४मध्ये इंग्लंडच्या अ‍ॅनिमल्सनी ते एकाच टेकमध्ये गायलं, मुलीचा मुलगा केला, आणि ते ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर पोचलं. तबकडीवर ‘पारंपरिक’ आणि संयोजक म्हणून एकट्या ऑर्गनवादक अ‍ॅलन प्राइसचं नाव. बँडमधल्या बाकीच्यांची नावंही त्यावर नाहीत, मग जॉर्जियाची काय कथा!

अ‍ॅनिमल्सचं गाणं मला आवडतं आणि ‘बॉबी’तलंही. एरिक बर्डनचा तो खरखरीत आवाज ऐकताना रचनेचा हक्क कोणाचा हे मनात येत नाही. हिंदी गाण्याचं यश चोरीच्या मालाचं यश आहे असं म्हणणं मला उथळ वाटतं. त्यात कारागिरी आहे. एक जण म्हणणार, समुदाय प्रतिसाद देणार ही जुनी बैठक त्यांनी मोडली नाही. ‘घे’चा आघात असा ठेवला की भाषा न कळणाऱ्यालाही टाळी कुठे वाजवायची ते कळावं. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं ते गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी, आणि मुंबईच्या वाद्यवृंदांत गोवेकर वादक ठायी ठायी होते. ही चाल बाहेरून आयात झालेली नाही, घरचीच आहे.

पण मग फेरेरांना सगळं श्रेय देऊन मोकळं व्हावं का? तिथेही मी अडखळतो. हिंदू कलावंतिणीचं दुःख ख्रिस्ती लेखकाने आपल्या समाजाच्या करमणुकीसाठी रचलं. तिचे शब्द तिथेही तिचे नव्हते. खऱ्या कलावंतिणींनी पलीकडे जाऊन काय केलं ते पाहायचं तर देखणी सोडून दुसरीकडे वळावं लागतं. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई मुंबईत आल्या आणि ख्याल गायकीच्या शिखरावर बसल्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे. त्याच तबकडीवर ब्लूजच्या परंपरेतला आंधळा गायक ब्लाइंड विली जॉन्सनही आहे. दोघांचीही नावं तिच्या गाण्यांच्या यादीत नीट नोंदलेली आहेत.

गेल्या वैशाखात शेजारच्या हळदीत बेंजोवाल्या पोराला मी विचारलं, हे कुठलं गाणं? ‘आपलंच, हळदीचं,’ तो म्हणाला. मी त्याला नदीची, पैंजणांची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि विचारलं, ‘मग तिने पैंजण दिले, तर नाचली कशात?’ इतक्या वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. तेवढ्यात नवरदेवाच्या मामांनी फर्माईश केली आणि त्याने पुन्हा तीच चाल धरली.