‘हवामान’ ही संज्ञा आणि विज्ञानशाखेतील अध्यापन

पदवीच्या अभ्यासक्रमात पर्यावरण हा विषय अनिवार्य होऊन आता दोन दशके उलटली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी मेहता प्रकरणात याविषयी निर्देश दिले. २००३ साली न्यायालयाने त्या निर्देशांच्या अंमलबजावणीचा पुन्हा आग्रह धरला. आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा, पन्नास व्याख्यानांचा अभ्यासक्रम सर्व शाखांसाठी सिद्ध केला. या योजनेमुळे विषयाला वर्गात स्थान मिळाले, हे निर्विवाद आहे. परंतु विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याला हवामान-बदलाचे ज्ञान या योजनेने कितपत झाले, या प्रश्नाचा विचार करताना एक उणीव स्पष्ट दिसते. ती माहितीची उणीव नाही. ज्या संज्ञेवर सर्व विवेचन उभारावयाचे, ती ‘हवामान’ ही संज्ञाच विद्यार्थ्याच्या मनात संदिग्ध राहते. प्रस्तुत लेखात या संदिग्धतेचे स्वरूप व तिचे अध्यापनावरील परिणाम तपासावयाचे आहेत.

शालेय भूगोलात या बाबतीत पुरेशी शिस्त आहे. बालभारतीच्या सहावीच्या भूगोलात ‘हवा आणि हवामान’ असा स्वतंत्र पाठ असून, वातावरणाची तात्कालिक स्थिती ती हवा आणि तिची दीर्घकालीन सरासरी ते हवामान, असा भेद तेथे शिकविला जातो. मात्र शाळेबाहेर पडताच हा भेद टिकत नाही. उद्याच्या पावसाचे भाकीत करणारे ते ‘हवामान खाते’, त्याचे भाकीत तो ‘हवामान अंदाज’, आणि दुपारी आभाळ भरून आले की ‘हवामान बदलले’. शिवाय ‘हवा’ हा शब्द श्वासाच्या वायूलाही लागू पडत असल्याने तात्कालिक स्थितीसाठी तो अपुरा वाटतो, आणि ती उणीव ‘हवामान’ भरून काढतो. हिंदीत ‘मौसम’ आणि ‘जलवायु’ हे दोन शब्द दोन कामे वाटून घेतात. मराठीत दोन्ही कामे एकाच शब्दावर येऊन पडली आहेत. मग ‘हवामान-बदल’ हा समास ऐकणाऱ्या विद्यार्थ्याने ‘हवामान तर रोजच बदलते’ असे म्हटले, तर तो भाषेच्या दृष्टीने चुकत नाही.

वस्तुतः मराठीच्या अंगी हा भेद व्यक्त करण्याचे सामर्थ्य आहे. ‘मान’ म्हणजे माप किंवा प्रमाण. ‘यंदाचे पाऊसमान बरे आहे’ असे आपण म्हणतो. ‘आजचे पाऊसमान’ असे कोणी म्हणत नाही. एका माणसाचे ते आयुष्य, समाजाचे ते आयुर्मान. गावात कोणी नव्वद वर्षे जगला म्हणून गावाचे आयुर्मान वाढले असे होत नाही. आयुष्य आणि आयुर्मान यांत जो संबंध, तोच हवा आणि हवामान यांत आहे. येथे ‘तापमान’ या शब्दाचा आक्षेप संभवतो, कारण ते क्षणाचेही असू शकते. आक्षेप योग्य आहे. यावरून एवढेच सिद्ध होते की सरासरीचा अर्थ ‘मान’ या पदात अंगभूत नसून रूढीने काही समासांत आला आहे. म्हणूनच शिक्षकाने तो गृहीत न धरता उघड करून दाखविला पाहिजे. बोलीतही आधार आहेच. एखाद्या गावचे ‘हवापाणी’ मानवले नाही, असे अकोल्याच्या जुन्या शहरातील वृद्ध माणूस म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात एका दिवसाचे ऊन नसते. त्या स्थळाचा नित्याचा स्वभाव असतो. ज्ञानकोशीय लेखनात ‘जलवायुमान’ असाही शब्द आढळतो, पण तो ग्रंथांबाहेर रुजला नाही. नवा शब्द घडविण्यापेक्षा असलेल्या शब्दाचा अर्थ स्थिर करणे अधिक श्रेयस्कर ठरेल.

आता अभ्यासक्रमाकडे वळू. आयोगाच्या मूळ अभ्यासक्रमात हवामान-बदल हा विषय ‘सामाजिक प्रश्न आणि पर्यावरण’ या सहाव्या घटकात आला, आणि त्या संपूर्ण घटकाला सात व्याख्याने मिळाली. त्यातही हवामान-बदल, जागतिक तापमानवाढ, आम्लपर्जन्य, ओझोनथराचा ऱ्हास आणि आण्विक अपघात ही सर्व एका ओळीत गुंफलेली होती. डॉ. एरक भरुचा यांनी आयोगासाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकाचा आवाका मोठा आहे, पण त्यालाही हाच अनुक्रम पाळावा लागला. या शेजाराचा परिणाम व्हावयाचा तोच होतो: ओझोनला भोक पडले म्हणून ऊन आत आले व पृथ्वी तापली, असा समज दृढ होतो. हा समज केवळ आपल्याकडचा नव्हे. ब्रिटनमधील शाळकरी मुलांत तो कसा पसरला आहे, हे बॉइज आणि स्टॅनिस्ट्रीट यांनी १९९३ सालीच दाखविले होते. २०२३ च्या नव्या चौकटीत आयोगाने हवामान-बदलाला स्वतंत्र घटक दिला, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु घटक वेगळा झाल्याने संकल्पना आपोआप स्पष्ट होते, असे मानण्याचे कारण नाही.

विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही उणीव अधिक खटकते, कारण आवश्यक ती सर्व साधने त्याच्या हाती असतात. स्टेफान-बोल्ट्समन नियम तो पदार्थविज्ञानात शिकतो. त्याच नियमाने गणित मांडले तर वातावरणाचा परिणाम वगळता पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे उणे १८ अंश सेल्सिअस येते. प्रत्यक्षात ते सुमारे १५ अंश आहे. हा ३३ अंशांचा फरक कोठून येतो, हा प्रश्न विचारला की टिंडलचे १८५९ पासूनचे प्रयोग आणि अऱ्हेनियसचे १८९६ चे गणित यांना वर्गात जागा मिळते. कार्बन डायऑक्साइडचा रेणू अवरक्त किरण का शोषतो, हे रसायनशास्त्रात येते. प्रमाण विचलन संख्याशास्त्रात येते. मौना लोआ येथे १९५८ साली दशलक्ष भागांत सुमारे ३१५ असलेले या वायूचे प्रमाण आता ४२० च्या वर गेले आहे. हा आलेख तो स्वतः काढू शकतो. असे असता या विषयाची परीक्षा ‘कारणे व उपाय लिहा’ एवढ्यावर थांबावी, हे खेदजनक आहे.

वऱ्हाडात या प्रश्नाला केवळ शास्त्रीय महत्त्व नाही. मे २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर गेला. जुलै २०२१ मध्ये मोर्णेचे पाणी वस्तीत शिरले. मे २०२४ मध्ये उन्हामुळे जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदीचे कलम लावावे लागले. या घटना ठळक आहेत, म्हणून शिक्षक त्यांनाच पुरावा म्हणून पुढे करतो. पण एका दिवसाचा उन्हाळा पुरावा मानण्यास शिकलेला विद्यार्थी एखाद्या थंड वर्षी तितक्याच सहजतेने सिद्धान्त नाकारील. पुरावा तीस-तीस वर्षांच्या सरासरींच्या तुलनेत असतो, आणि अशा सुट्या घटनांचा अर्थ त्या सरासरीच्या संदर्भातच लावावा लागतो. हेच विद्यार्थी उद्या शिक्षक व कृषी खात्याचे अधिकारी होणार आहेत. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, जेथे भूजल खारे असल्याने कोरडवाहू शेतकऱ्याची सारी भिस्त पावसावर असते, तेथे ‘हवामान अनुकूल शेती’ हे शब्द त्यांना समजावून सांगावे लागतील. ‘हवामान अनुकूल आहे’ म्हणजे पेरणीस योग्य आहे, असाच अर्थ शेतकरी घेतो. प्रतिकूल हवेतही तग धरणारी शेती, हा योजनेतील अभिप्रेत अर्थ त्या शब्दांतून त्याच्यापर्यंत पोचत नाही. सांगणाऱ्यालाच तो भेद उमगला नसेल, तर योजना कागदावर राहील.

तेव्हा तीन सूचना कराव्याशा वाटतात. वर्गात ‘आजची हवा’ आणि ‘वऱ्हाडाचे हवामान’ हा भेद शिक्षकाने बोलताना कटाक्षाने पाळावा. विषयाचा आरंभ वायूंच्या यादीने न करता आपल्याच जिल्ह्याच्या पर्जन्य व तापमान यांच्या नोंदींनी करावा, आणि दोन तीस-वर्षीय सरासरी विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्याव्यात. ओझोनचा प्रश्न वेगळ्या दिवशी, वेगळ्या कारणपरंपरेसह शिकवावा. यांपैकी कशासाठीही नवे अनुदान लागत नाही. शिक्षकाने शब्द जपून वापरले आणि गणित करून घेण्यास एक तास दिला, तर एवढे साधण्यासारखे आहे.