निळा कुत्रा आणि गुलाबी रोहित : नागरी उत्क्रांतीच्या संकल्पनेची नवी मुंबईच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाचे भटके कुत्रे आढळले. कासाडी नदीच्या पात्रात सोडलेल्या रंगद्रव्ययुक्त सांडपाण्याशी त्याचा संबंध जोडला गेला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने संबंधित कारखान्यावर कारवाई केली. त्याच शहराने पुढे ठाणे खाडीतील गुलाबी रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, आपले बोधचिन्ह म्हणून मिरवला. चौकाचौकांत त्याची शिल्पे उभी राहिली. एका रंगाची शहराला लाज वाटली, तर दुसऱ्याचा अभिमान. जीवशास्त्राच्या दृष्टीने मात्र या दोन रंगांत एक साम्य आहे. रोहिताचे पिल्लू राखाडी असते आणि त्याचा गुलाबी रंग अन्नातील कॅरोटिनॉइड द्रव्यांतून येतो. दोन्ही रंग प्राण्याला त्याच्या परिसरातून मिळालेले आहेत. निळ्या कुत्र्याची पिल्ले निळी जन्मत नाहीत. रोहिताच्या बाबतीतही वारशाने येते ती रंग पिसांत साठवण्याची क्षमता; प्रत्यक्ष रंग नव्हे.

मानवी समाज व संस्कृती शहरी वन्यजीवांच्या उत्क्रांतीला आकार देतात, हा विचार गेल्या दोन दशकांत प्रतिष्ठित झाला आहे. प्रस्तुत लेखात या विचाराचे सामर्थ्य मान्य करून त्याच्या मर्यादा नवी मुंबईच्या उदाहरणाने तपासल्या आहेत.

संकल्पनेचे स्वरूप

डच जीवशास्त्रज्ञ मेनो स्खिल्टहाउझन यांच्या ‘डार्विन कम्स टु टाउन’ (२०१८) या ग्रंथाने हा विषय सामान्य वाचकांपर्यंत नेला. शहर हे उत्क्रांतीचे वेगवान क्षेत्र आहे, असे त्याचे सूत्र आहे. या सूत्राला भक्कम आधार आहेत. इंग्लंडमधील काजळीने काळवंडलेल्या झाडांवर काळ्या पतंगांचे प्रमाण वाढले आणि १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर ते घटत गेले. येथे कारखानदारी आणि कायदा या दोन्ही सामाजिक घटना निवडीची दिशा ठरवतात. पांढऱ्या क्लोव्हर या वनस्पतीचा १६० शहरांतील अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरीकरणाबरोबर तिच्या सायनाइडनिर्मितीच्या आनुवंशिक गुणात अनेक ठिकाणी बदल होत असल्याचे त्यातून दिसले. ख्रिस्तोफर शेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये आणखी पुढचा मुद्दा मांडला. अमेरिकेतील वर्णभेदी गृहनिर्माण धोरणांनी कोणत्या वस्तीत झाडी राहिली व कोणत्या नाही हे ठरवले, आणि त्याचे परिणाम वन्यजीवांपर्यंत पोहोचतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

तथापि याच क्षेत्रातील एक लोकप्रिय उदाहरण अलीकडे ढासळले. लंडनच्या भुयारी रेल्वेतील डास तेथेच शतकभरात उत्क्रांत झाला, असे सांगितले जाई. २०२५ मधील जनुकीय संशोधनाने त्याचे मूळ भूमध्य सागर व मध्यपूर्वेच्या परिसरातील प्राचीन मानवी वस्त्यांपर्यंत मागे नेले. माणसाचा प्रभाव यातून नाकारला जात नाही. तो भुयारी रेल्वेऐवजी आरंभीच्या कृषिसंस्कृतीशी जोडला जातो. शहरात दिसणारा प्रत्येक गुण त्या शहराने घडवलेला नसतो, हा धडा येथे महत्त्वाचा आहे.

नवी मुंबईचा अधिवास

नवी मुंबई हे नियोजित शहर आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने ९५ गावांच्या जमिनीवर त्याची आखणी केली. आगरी व कोळी समाजाची ही भूमी भातखाचरे, मिठागरे, बांधबंदिस्ती आणि उघाड्यांनी घडलेली होती. भरतीचे पाणी कोठवर येऊ द्यायचे, हे तेथे पिढ्यान्पिढ्या माणूसच ठरवत आला होता. त्यामुळे ‘निसर्गावर शहराचे आक्रमण’ ही मांडणी अपुरी पडते. खरा बदल एका मानवी व्यवस्थेच्या जागी दुसरी आल्याने झाला. सिडकोने सखल भागाच्या संरक्षणासाठी डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. कालांतराने अनेक तलावांत गाळ साचून तिवरे वाढली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ व २०१८ मधील आदेशांनी कांदळवनाला संरक्षण दिले. अभियंत्याचा आराखडा, भरतीचा गाळ आणि न्यायालयाचा आदेश यांतून हा अधिवास निर्माण झाला.

रोहित पक्ष्याचे आगमनही असेच आहे. १९९० च्या दशकापासून या खाडीत ते मोठ्या संख्येने दिसू लागले. सांडपाण्यातील पोषकद्रव्यांनी वाढणारे नील-हरित शैवाल हे लहान रोहिताचे अन्न असल्याने महानगराच्या मैल्याचा या वाढीशी संबंध जोडला जातो. २०१५ मध्ये खाडीचा भाग अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

समायोजन, सवय आणि उत्क्रांती

या सर्व बदलांना सरसकट ‘अनुकूलन’ म्हटले जाते, तेथेच वैचारिक घोटाळा होतो. एका प्राण्याने आयुष्यात केलेले समायोजन, अनुभवातून लागलेली सवय आणि पिढ्यांमधून होणारा आनुवंशिक बदल या तीन भिन्न प्रक्रिया आहेत. रोहित ओहोटीला खाडीच्या चिखलात चरतात आणि भरतीच्या वेळी नेरूळ-सीवूडच्या उथळ पाणथळींत विसावतात. ही परिसराशी जुळवून घेतलेली सवय आहे. हा पक्षी दीर्घायुषी असून त्याची वीण कच्छच्या रणासारख्या दूरच्या ठिकाणी होते. तीन दशकांत नवी मुंबईने त्याला आनुवंशिकदृष्ट्या ‘घडवले’ असे म्हणण्यास आधार नाही. २० मे २०२४ रोजी घाटकोपर परिसरात विमानाच्या धडकेने ३९ रोहित मेले. अशा आघाताला ‘निवड’ म्हणणे म्हणजे अपघाताला सिद्धान्ताचे वस्त्र नेसवणे होय.

याउलट खरी उत्क्रांती शहर ज्याला बोधचिन्ह करणार नाही अशा जीवांत शोधावी लागते. ॲनोफिलीस स्टिफेन्सी हा शहरी हिवतापाचा वाहक डास गच्चीवरील टाक्यांत व बांधकामावरील साठलेल्या पाण्यात वाढतो. त्याची पिढी काही आठवड्यांची असते आणि भारतात त्याने डीडीटीसारख्या कीटकनाशकांना प्रतिकार विकसित केल्याचे सिद्ध झाले आहे. पाणी साठवण्याची रीत, अखंड चालणारे बांधकाम आणि फवारणीचे धोरण हे येथील निवडीचे सांस्कृतिक घटक आहेत.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न या दोहोंच्या मध्ये येतो. २००१ च्या नियमांनी निर्बीजीकरण करून कुत्र्याला मूळ जागी सोडण्याची पद्धत आणली. भूतदयेच्या परंपरेने त्याला अन्न मिळते, तर गृहसंकुलांतून त्याच अन्नदानावर वाद होतात. माणसाळलेला कुत्रा सहज पकडला जातो, बुजरा निसटतो. मग पुढील पिढीत कोणाची संतती अधिक असेल? हा प्रश्न तर्काने उभा राहतो, पण त्याचे उत्तर तर्काने देता येत नाही. त्यासाठी पिढ्यांची नोंद हवी. दया आणि नियम हे दोन्ही येथे निवडीचे घटक ठरू शकतात. पाश्चात्त्य प्रतिमानात मध्यवर्ती असलेल्या उत्पन्न व वर्ण या निकषांत ते सामावत नाहीत.

समारोप

हा केवळ परिभाषेचा वाद नाही. ‘प्राणी जुळवून घेतात’ हे विधान नियोजनाच्या चर्चेत सोयीचे ठरते. पाणथळ बुजवली तर पक्षी दुसरीकडे जातील, असा निष्कर्ष त्यातून सहज काढला जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या विमानतळासाठी उलवे टेकडी कापली गेली आणि नदीचा प्रवाह वळवला गेला. अशा बदलांचा वेग वर्षांत मोजला जातो, तर दीर्घायुषी प्राण्याच्या उत्क्रांतीचा वेग पिढ्यांत. नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याची वाट बंद झाल्याचा प्रश्न २०२४ मध्ये गाजला आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली. पक्ष्याला तेथे नव्या जनुकाची नव्हे, भरतीच्या पाण्याची गरज होती.

समाज आणि संस्कृती वन्यजीवांना घडवतात हे खरे. परंतु ते कोणाला, किती पिढ्यांत आणि कोणत्या मार्गाने घडवतात, हे प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. त्यासाठी जीवशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास व विधी या विद्याशाखांनी एकाच खाडीकाठी एकत्र काम करणे आवश्यक आहे. उघाडी कोण उघडत होते आणि ती कोणी बंद केली, हा प्रश्न इतिहासाचा जितका आहे तितकाच जीवशास्त्राचाही आहे.