नकार म्हणजे संथ शिक्षण?

अल्टिमेटम गेम आठवतोय ना? शंभर रुपये दोघांत वाटायचे. पहिला वाटणी सुचवतो, दुसरा 'चालेल' किंवा 'नको' म्हणतो. 'नको' म्हटलं की दोघेही रिकाम्या हाताने घरी. निव्वळ हिशोब पाहिला तर दुसऱ्याने एक रुपयाही घ्यायला हवा. पण १९८२मध्ये गुथ आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग केल्यापासून लोक तसं वागत नाहीत हेच दिसत आलंय.

का? रॉथ आणि एरेव्ह यांचा १९९५चा पेपर म्हणतो: शिकण्याच्या वेगामुळे. त्यांच्या मॉडेलमधला माणूस फार विचार करत नाही. ज्या चालीने पैसे मिळाले ती पुढे जास्त खेळतो, इतकंच. दहा रुपये देऊ केले आणि नकार आला, तर पहिल्याचे नव्वद बुडतात, दुसऱ्याचे फक्त दहा. म्हणून पहिला पटकन शिकतो. दुसरा 'दहा तर दहा' म्हणायला शिकेपर्यंत पहिल्याने दहा देऊ करणंच सोडलेलं असतं.

युक्तिवाद सुंदर आहे. पण माझ्या दोन शंका आहेत.

पहिली: सुरुवात कुठून? लेखकांनी प्रत्येक देशातल्या खऱ्या पहिल्या फेरीवरूनच मॉडेलची सुरुवात ठरवली. १९९१च्या प्रयोगात जेरुसलेम आणि टोकियोमध्ये पिट्सबर्ग, ल्युब्लियानापेक्षा कमी रकमा देऊ केल्या गेल्या, तरी नकार वाढले नाहीत. म्हणजे 'वाजवी किती' याची समजच तिथे वेगळी असावी. मॉडेल वाट सांगतं, निघायचं ठिकाण नाही. आणि चाल संथ असली की पोचणं निघण्यावरच ठरतं!

दुसरी शंका जास्त महत्त्वाची. नकाराला 'अजून शिकला नाही' म्हणायचं का? स्लोव्हाकियात (१९९८) आणि ईशान्य भारतातल्या गरीब गावांत (२०११) रक्कम वाढवली तसे नकार घटले. गावांत ती वीस रुपयांपासून वीस हजारांपर्यंत होती. वीस हजारांतला छोटा वाटा निमूट घेणारा काही 'शिकला' असेलच असं नाही. त्याला नकार परवडला नसेल.

दोन्ही अर्थ वेगळे करता येतील: त्याच माणसाला पुन्हा वीस रुपयांवर बसवा. आता होकार आला तर शिक्षण म्हणू. नकार आला तर मात्र मान्य करावं लागेल, की त्याला खेळ आधीपासूनच नीट कळला होता.