पाण्याखालचे नृत्य आणि छायाचित्र: समीक्षेची एक कसोटी

समुद्रात, पाण्याखाली टिपलेले नर्तिकेचे छायाचित्र पाहिले की आपण चटकन ‘सुंदर’ म्हणून मोकळे होतो. या टिपणात एकच प्रश्न घेऊ: ते सौंदर्य नर्तिकेचे की पाण्याचे?

प्रथम टोनी फ्रिसेल यांचे १९४७ मधील प्रसिद्ध छायाचित्र शोधून पाहा. फ्लोरिडातील वीकी वाची या झऱ्यात पांढऱ्या झग्यातील एक स्त्री पृष्ठभागालगत तरंगते आहे. चेहरा नीट दिसत नाही, अंग सैल आहे. चित्र मनातून जात नाही. पण त्यातली गती पाण्याची आणि कापडाची आहे. आता ज्युली गोतिए यांचा ‘आमा’ (२०१८) हा लघुपट पाहा. इटलीतील ‘वाय-४०’ या सुमारे ४० मीटर खोल तलावात त्या श्वास रोखून नाचतात. पाऊल तळाला टेकते, शरीर पाण्याचा विरोध कामाला लावते. नृत्य म्हणून ‘आमा’ श्रेष्ठ, कारण तिथे निर्णय शरीराचा आहे.

या दोन्ही कलाकृती समुद्रातल्या नाहीत, हे ध्यानात घ्या. समुद्रात लाट नर्तिकेला ढकलते, तरंगते कण प्रकाश विखुरतात आणि पहिल्या काही मीटरांतच लाल रंग फिका पडतो. तारकर्लीला पाण्यात उतरलेल्यांनी ती हिरवट धूसरता पाहिली असेल. म्हणून छायाचित्रकार रुंद कोनाचे भिंग घेऊन जवळ जातो; मधले पाणी जितके कमी, तितके चित्र स्वच्छ.

आता भरतनाट्यम घ्या. त्यातली अरैमंडी आणि पदाघात वजनावर उभे असतात. पाण्यात वजन जवळजवळ नाहीसे होते, म्हणजे उरतात हात आणि चेहरा. हात जिथे जाईल तिथे दृष्टी जावी, असे ‘अभिनयदर्पण’ सांगते. म्हैसूर परंपरेतील के. वेंकटलक्षम्मा (१९०६–२००२) अभिनयासाठीच ओळखल्या जात. पण पाण्यात नेमकी दृष्टीच अडते. डोळ्याच्या पारपटलाचा अपवर्तनांक सुमारे १.३८, पाण्याचा १.३३. हवेत डोळ्याची सुमारे दोन-तृतीयांश केंद्रीकरणशक्ती पारपटलाकडून मिळते. पाण्यात ती जवळपास संपते. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे आवरणात हवा असते, म्हणून त्याला नर्तिकेचे डोळे स्पष्ट दिसतात. तिला मात्र स्वतःची बोटेही धूसर दिसतात.

तेव्हा तिची नजर हातापर्यंत पोहोचते ती सरावाच्या आठवणीने. हीच आपली कसोटी: नजर हाताला भेटते का? फुगलेले गाल आणि रिकामे डोळे दिसले, तर चित्रात श्वास रोखणे आहे, अभिनय नाही. काम अवघड आणि जोखमीचे होते म्हणून गुण वाढवू नका. चौकटीबाहेर मदतीला पाणबुड्या असणे ही किमान अट आहे, कलेचा गुण नव्हे.

स्वाध्याय: असे एक छायाचित्र निवडा. त्यातले उडणारे वस्त्र तळहाताने झाका. उरलेल्या भागात नृत्य दिसते का, ते दहा ओळींत सकारण लिहा.